दगड मोजला, पण आकडा गावाला कोण सांगणार?

ग्रॅनाइटमध्ये रेडिएशन असते ही गोष्ट खरी आहे, आणि घरातला ग्रॅनाइटचा ओटा तोडून फेकायची काही गरज नाही हीपण तेवढीच खरी आहे. हे दोन्ही एकत्र सांगायला गेलं की लोक चिडतात, कारण एकाला फक्त "घाबरा" ऐकायचं असते आणि दुसऱ्याला फक्त "काही होत नाही". भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गेल्या काही वर्षांत कवेलूची घरं जाऊन स्लॅबची आली, घरकुल असो की कर्ज काढून बांधलेलं, ओट्यावर आता कडप्पा कोणाला नको, ग्रॅनाइटच पाहिजे, आणि त्याच घरातल्या मोबाईलवर 'ग्रॅनाइटने कॅन्सर होतो' असा मेसेजपण फिरून राहिला. मग लोक विचारतात, खरं काय?

माझं म्हणणं असं आहे की ओट्याच्या नादात आपण मोठा प्रश्न सोडून देऊन राहिलो. आपलं अख्खं गावच ग्रॅनाइटवर बसलेलं आहे. त्या दगडातून बोअरचं पाणी येते, त्यातून घरात रेडॉन नावाचा वायू येतो, आणि तो फोडताना त्याची धूळ छातीत जाते. हे सगळं मोजता येते, मोजणारी माणसं आपल्या देशात आहेत, नागपुरात तर आहेतच, पण मोजलेला आकडा ज्याच्या अंगणात बोअर आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो पोचवणं हे सरकारचं काम आहे आणि मागणं हे ग्रामसभेचं.

आधी दगडाचं बघू. दगडाच्या हिशोबाने विदर्भ म्हणजे दोन वेगळे मुलूख आहेत. बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती आणि यवतमाळचा मोठा भाग काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून थरावर थर बसले तो. नागपूर शहर जवळपास सीमेवर आहे, पश्चिमेकडे काळा दगड आणि पूर्वेकडे नाईस नावाचा जुना, पट्ट्यापट्ट्यांचा दगड. तिथून पुढे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, इथे खाली ग्रॅनाइट आणि नाईस, दोनशे कोटी वर्षांहून जुना. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीजवळ कुठे उघडा खडक असेल तर जवळून बघा, गुलाबी फेल्डस्पार, पांढरी गार (क्वार्ट्झ) आणि मध्ये चमकणारे अभ्रकाचे काळे पापुद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रेडिएशन येते ते पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियममधून. त्या गुलाबी भागात पोटॅशियम भरपूर असते, आणि युरेनियम-थोरियम असते ते झिरकॉन, मोनाझाइटसारख्या बारीक कणांत, जे भिंगाशिवाय दिसत नाहीत.

हे ग्रॅनाइटमध्येच जास्त का? तर शिलारस थंड होताना जी खनिजं आधी जमतात त्यांच्या रचनेत युरेनियम आणि थोरियमचे अणू बसत नाहीत, म्हणून ते उरलेल्या रसात मागे मागे राहत जातात, आणि सगळ्यात शेवटी जो रस जमतो तो ग्रॅनाइट. बेसाल्टचं तसं नाही, तो खोलवरून आलेला, त्यात हे मुळातच कमी. १९०६ साली स्ट्रट नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या दगडांतलं रेडियम, म्हणजे युरेनियम फुटत फुटत बनते ते, मोजलं तेव्हाच हा फरक समोर आला होता, म्हणजे हे ज्ञान शंभर वर्षांहून जुनं आहे.

आता मोजतात कसं, हे थोडं सविस्तर सांगतो कारण फसवणूक इथेच होते. दगडाचा किलो-दोन किलोचा नमुना घेतात, कुटून बारीक करतात, चाळतात, ११० डिग्रीला वाळवतात आणि हवाबंद डब्यात भरून साधारण महिनाभर तसाच ठेवून देतात. महिनाभर का, तर दगड कुटला की रेडियमपासून बनून त्यात अडकलेला रेडॉन वायू उडून जातो, त्याचं अर्ध आयुष्य ३.८ दिवस आहे, म्हणजे तेवढ्यात तो निम्मा उरतो, तो पुन्हा तयार होऊन रेडियमच्या बरोबरीला यायला तेवढा वेळ लागतो. मग तो डबा शिशाच्या जाड भिंतीत ठेवलेल्या डिटेक्टरवर कितीतरी तास ठेवतात. चांगला डिटेक्टर जर्मेनियमचा असतो, त्याला द्रव नायट्रोजनने उणे १९६ डिग्रीपर्यंत थंड ठेवावं लागते. पडद्यावर एकेक शिखर उठत जाते, १४६० केईव्हीला (हे किरणाच्या ऊर्जेचं माप) पोटॅशियम, १७६४ ला बिस्मथ म्हणजे युरेनियमच्या घराण्यातला, २६१४ ला थॅलियम म्हणजे थोरियमच्या घराण्यातला. शिखराच्या उंची-रुंदीवरून हिशोब करून आकडा निघतो, एका किलोत किती बेकरेल. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे.

एवढं सगळं करावं लागते. मग कोणी हातात छोटं मशीन घेऊन टाइल्सच्या दुकानात पाच मिनिटांत "हा सेफ, तो डेंजर" म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हातातलं गायगर काउंटर खरं असलं तरी ते फक्त एकूण किरण मोजते, कशातून आले ते सांगत नाही. आणि मोबाईलमधले बहुतेक 'रेडिएशन अ‍ॅप' तर फोनमधल्या चुंबकीय सेन्सरवर चालतात, त्यांचा युरेनियमशी काही संबंधच नाही. अशा रीडिंगवर घाबरवून कोणी पाणी शुद्ध करायचं मशीन नाहीतर 'रेडिएशन रोखणारी चिप' विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

हिशोब करून बघू. जगभरात सर्वसाधारण ग्रॅनाइट धरला तर त्यात युरेनियम दहा लाखात ४ भाग, थोरियम १७ भाग आणि पोटॅशियम ४ टक्के. बेकरेलमध्ये म्हणजे किलोला साधारण ४९, ६९ आणि १२५०. या तिघांना एका आकड्यात आणायचं सूत्र आहे, रेडियम (ते युरेनियमच्या बरोबरीनेच धरतात, म्हणजे ४९), अधिक थोरियमच्या १.४३ पट, अधिक पोटॅशियमच्या ०.०७७ पट. बेरीज येते २४४ च्या आसपास. घर बांधायच्या सामानासाठी जगभर जी मर्यादा धरतात ती ३७०. युरोपियन युनियनने २०१३ च्या नियमात वेगळा निर्देशांक दिला, तो १ च्या आत पाहिजे, या हिशोबातल्या ग्रॅनाइटचा ०.९२ येतो. आत आहे, पण काठावर. आपल्या पश्चिम विदर्भातल्या बेसाल्टसारख्या दगडाची हीच बेरीज ३० ते ४० च्या घरात येते. म्हणजे सहा-सात पट फरक, तोही एकाच विदर्भात. आणि ग्रॅनाइट सगळे सारखे नसतात, काही नमुने ३७० च्या वर जातात, म्हणून सरासरीवर झोप काढता येत नाही, जागेवरचा दगड मोजावा लागतो.

पण ही मर्यादा अख्खं घर त्याच दगडाचं असेल असं धरून केलेली आहे, भिंती, फरशी, छत सगळं. आपल्या घरात असते ओट्याची दोन-अडीच सेंटिमीटरची पट्टी. समजा ओट्याजवळ नेहमीपेक्षा तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या किरणांचं माप) जास्त किरण आहेत आणि घरची बाई रोज चार तास तिथे उभी आहे, तर वर्षाला झाले १४६ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.१५ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून प्रत्येकाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दरवर्षी मिळतेच, पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये आठ-दहा मिळते, आपल्या स्वतःच्या शरीरात पोटॅशियममुळे सेकंदाला चारेक हजार अणू फुटत असतात. त्यातही दुकानात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून जे विकतात ते बहुतेक डोलेराइट नाहीतर गॅब्रो असते, बेसाल्टच्या कुळातलं, त्यात किरणोत्सार आणखी कमी. २००८ मध्ये अमेरिकेत ओट्यांवरून असाच गोंधळ झाला होता, तेव्हा तिथल्या पर्यावरण संस्थेनेही सांगितलं की ओट्यामुळे घरातलं रेडिएशन नेहमीच्या पातळीच्या वर जायची शक्यता फारच कमी. तर ओट्याचा विषय माझ्यासाठी इथे संपतो. ज्या माऊलीने पै पै जोडून ओटा बसवला तिला त्यावर निवांत भाकरी थापू द्या.

रेडॉनचं मात्र असं उडवून लावता येत नाही. तो वायू आहे, वास नाही, रंग नाही, जमिनीच्या भेगांतून वर येतो आणि बंद खोलीत साचतो. वर सांगितलेल्या २.४ मिलिसिव्हर्टमधला निम्मा भाग एकट्या रेडॉनचाच आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याला धूम्रपानानंतर फुफ्फुसाच्या कॅन्सरचं दुसरं मोठं कारण मानते, तिची शिफारस घनमीटरला १०० बेकरेलच्या आत, काहीच जमत नसेल तर ३०० च्या वर तरी नको. १९८४ ची गोष्ट, पेनसिल्व्हेनियात लिमरिक इथे अणुवीज केंद्र बांधून राहिले होते, तिथला इंजिनीअर स्टॅनली वॉट्रस रोज बाहेर पडताना तपासणी यंत्राचा अलार्म वाजवायचा. अणुभट्टी तर सुरूच झाली नव्हती! शेवटी एक दिवस तो आत शिरतानाच अलार्म वाजला आणि कळलं की हे घरून येऊन राहिलं. त्याच्या घरात रेडॉन निघाला घनमीटरला लाखाच्या आसपास बेकरेल. घराखालचा खडक तसा होता. तिथून अमेरिकेत घरोघरी रेडॉन मोजायचं सुरू झालं. इंग्लंडात कॉर्नवॉल हा ग्रॅनाइटचा प्रदेश, तिथे रेडॉनचा नकाशाच सरकारने लोकांसाठी उघडा ठेवला आहे, आपला पत्ता टाका आणि बघा.

आपली कवेलूची घरं या बाबतीत बरी होती, छपरातूनच हवा खेळायची. मातीच्या जमिनीतून रेडॉन यायचा पण टिकायचा नाही. आता स्लॅब, खिडक्यांना काचा, थंडीत सगळं बंद, आणि ज्यांना परवडते त्यांच्याकडे उन्हाळ्यात एसी. मी पक्क्या घराच्या विरोधात अजिबात नाही, साप-विंचू आणि पावसाळ्यातली गळती ज्याने भोगली तो कोणीच नसेल. पण घरकुलाच्या नकाशात समोरासमोर खिडक्या आणि खाली बिनभेगेचा कोबा एवढं बघायला फार खर्च लागत नाही. आणि गोंदिया-भंडारा हा बिडीचा मुलूख आहे, तेंदूपत्ता तोडणारे, बिड्या वळणारे आणि ओढणारेपण. रेडॉन आणि धूर एकत्र आले की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, कितीतरी पट वाढतो. म्हणून इथे मोजणी आधी व्हायला पाहिजे.

मोजायला महागडं मशीनपण लागत नाही. एलआर-११५ नावाची लालसर फिल्म असते, छोट्या डबीत घालून घरात तीन महिने टांगून ठेवायची. रेडॉनचे अल्फा कण त्यावर आदळून खुणा करतात, नंतर ती फिल्म ६० डिग्रीच्या कॉस्टिक सोड्यात दीड तास ठेवली की खुणांची भोकं पडतात आणि ती मोजता येतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या अशा डब्या वापरून देशातल्या कितीतरी विद्यापीठांनी अभ्यास केले. विदर्भातल्या कॉलेजच्या फिजिक्सच्या पोरा-पोरींना प्रोजेक्ट म्हणून आपापल्या गावच्या घरांत डब्या टांगायला दिल्या तर दोन-तीन वर्षांत तालुक्याचा नकाशा तयार होईल.

पाण्याचं तर मला जास्त लागते, कारण इथे आपण आधीच एकदा उशीर केला आहे. चंद्रपूर, यवतमाळमध्ये फ्लोराइडने लोकांचे दात पिवळे झाले, गुडघे वाकले, तरण्याताठ्या माणसाला मान वळवता येईना, तेव्हा कुठे हातपंपांवर लाल रंगाची फुली आली. पाणी आधी प्यायलं गेलं, मोजणी नंतर झाली. ग्रॅनाइटच्या भागात खोल बोअरमध्ये फ्लोराइडसोबत युरेनियमपण विरघळून येऊ शकते, विशेषतः पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तेव्हा. युरेनियमचा पाण्यातला धोका किरणांपेक्षा रसायन म्हणून जास्त आहे, तो किडनीवर जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, अणुऊर्जा नियामक मंडळाची ६०. भारतीय मानक ब्युरोनेपण पिण्याच्या पाण्यासाठी ३० च घेतली आहे.

आता बघा, २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं, त्यात गावोगावी पाच-पाच बायांना पाणी तपासायचं किट शिकवलं. जलसुरक्षक बाटलीत नमुना घेतो, बायका थेंब टाकून रंग बघतात, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोरीन कळते. काम चांगलं आहे, त्या बायांचं कौतुक केलंच पाहिजे. पण त्या किटमध्ये युरेनियम कळत नाही. त्यासाठी एलईडी फ्लोरिमीटर लागते, पाण्यात एक रसायन टाकून अतिनील उजेड मारला की युरेनियम हिरवट चमकते आणि त्या चमकेवरून मात्रा निघते, टेबलावर मावेल एवढं यंत्र. राष्ट्रीय युरेनियम प्रकल्पात याच पद्धतीने देशभर जिल्ह्याजिल्ह्यात पाणी तपासलं गेलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दोन-दोन किलोमीटरच्या चौकटी पाडून नाल्यांची माती तपासली, त्यात युरेनियम-थोरियमपण आहे, भूकोश नावाच्या पोर्टलवर माहिती आहे. अणुखनिज संचालनालयाचं मध्य विभागाचं ऑफिस नागपुरात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपुरात, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं मुख्यालय नागपुरात. सगळं आहे. पण पोर्टल इंग्रजीत, रिपोर्ट इंग्रजीत, आकडे पीपीएममध्ये (दहा लाखात किती भाग), आणि गोंदियातल्या सालेकसा नाहीतर गडचिरोलीतल्या कोरची तालुक्यातल्या सरपंच बाईला तिच्या बोअरचा एक आकडा मराठीत सांगणारं कोणी नाही. हे मला अन्यायाचं वाटते. तिच्या जमिनीखालची माहिती आहे, तिच्याच पोराबाळांच्या पोटात जाणाऱ्या पाण्याची.

धूळ मी शेवटी घेऊन राहिलो पण माणसं मारायच्या हिशोबाने तीच पहिली आहे. ग्रॅनाइटमध्ये पाव ते तिसरा हिस्सा नुसती गार असते, स्फटिक सिलिका. बेसाल्टमध्ये ती जवळपास नसते. म्हणजे ज्या दगडात किरणोत्सार जास्त त्याच दगडात सिलिकापण जास्त, आणि लोक किरणांना घाबरून सिलिकाकडे बघत नाहीत. दुपारच्या वेळी चालू क्रशरजवळ जाऊन या. पळसाची पानं पांढरी, बाजूच्या तुरीवर पिठासारखा थर, आणि गिट्टीच्या ढिगाशी बायका तोंडाला पदर बांधून घमेल्याने चुरी भरून राहिलेल्या. तो पदर डोळ्याला दिसणारी धूळ अडवतो, जी दिसत नाही ती नाही अडवत, आणि फुफ्फुसाच्या तळाशी तीच जाते. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, एकदा झाला की परत फिरत नाही. त्यातून टीबी लवकर धरते, आणि खोकला-ताप बघून डॉक्टरपण नुसत्या टीबीचाच कोर्स देतात, मग माणूस मेला तर तो क्रशरमुळे मेला हे कागदावर येतच नाही. कायद्याने हा रोग कळवणं बंधनकारक आहे. राजस्थानने २०१९ मध्ये यावर वेगळं धोरण आणलं, तपासणी, दाखला आणि मदत. ओलं ड्रिलिंग, पाण्याचे फवारे, क्रशरभोवती भिंत, बेल्टवर झाकण, हे काही नवं संशोधन नाही, क्रशरच्या परवानगीच्या अटींमध्ये यातलं बरंच आधीच लिहिलेलं असते. फवारा चालू असतो तपासणीच्या दिवशी. रोज चालू आहे का हे गावातल्या माणसालाच माहीत असते, त्याला विचारा ना.

यावर मला गावातलेच समजदार लोक म्हणतात की भाऊ, मोजू नका, गावाचं नाव खराब होईल, प्लॉटचे भाव पडतील, आमच्या पोरांना मुली कोणी देणार नाही. ही भीती खोटी नाही. फ्लोराइडच्या गावांनी ती भोगली आहे. पण त्या गावांचं नाव आकड्यामुळे खराब झालं की वाकलेल्या गुडघ्यांमुळे? आकडा दहा वर्षं आधी कळला असता तर गुडघे वाकले नसते. आणि बऱ्याच ठिकाणी आकडा चांगलाच निघेल, हेपण लक्षात घ्या. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे किरणोत्सार आपल्या ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त आहे, तिथे हजारो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००९ मध्ये अभ्यास छापून आला, त्यामुळे कॅन्सर वाढलेला दिसला नाही. असं छातीठोक सांगता आलं ते मोजल्यामुळे. न मोजता "काही नाही होत" म्हणणं आणि न मोजता "सगळे मरणार" म्हणणं, दोन्ही मला सारखेच बेजबाबदार वाटतात.

पैसा कुठून येणार, हा पुढचा प्रश्न. २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणवाले त्यात रॉयल्टीच्या प्रमाणात पैसे भरतात, आणि केंद्राचा २०२४ चा नियमच आहे की त्यातला निदान ७० टक्के खर्च पिण्याचं पाणी, आरोग्य, प्रदूषण अशा कामांवर करायचा. एलईडी फ्लोरिमीटर, रेडॉनच्या डब्या, क्रशरच्या मजुरांचे एक्स-रे, हे सगळं त्यात बसते. नवीन कायदा नको, नवीन खातं नको.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच. पूर्व विदर्भातल्या गावांनी तिथे ठराव घ्यावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, भूजल सर्वेक्षण यंत्रणेला द्यावी. ठरावात मोघम "पाणी तपासावे" लिहू नका, मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येते. लिहा की गावातल्या प्रत्येक पिण्याच्या बोअरचं युरेनियम आणि फ्लोराइड उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासावं, शाळा आणि अंगणवाडीच्या खोल्यांमध्ये रेडॉनच्या डब्या लावाव्या, क्रशरवरच्या मजुरांची छाती वर्षातून एकदा तपासावी आणि कागद मजुराच्याच हातात द्यावा. आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत फलक लागावा, बोअर कोणता, तारीख कोणती, फ्लोराइड किती, युरेनियम किती, मर्यादा किती, आणि जास्त निघालं असेल तर दुसरं पाणी कुठून मिळणार आणि कोणत्या तारखेपासून.